पाणकोळी

भांगाचे दिवस. सारसोळ्याच्या खाडीत पाणी
धड चढत नाही, धड उतरत नाही,
तेव्हा आला तो. थव्यातून चुकलेला असणार.
जेटीच्या शेवटच्या खांबावर बसला
आणि खांब एकदम लहान दिसायला लागला.

बाबा म्हणाला, बगला नाय त्यो.
मी मोबाइलवर शोधलं. चोचीच्या कडेला निळसर ठिपके,
गळ्याखाली लोंबती कातडी, राखी पाठ.
नाव निघालं पाणकोळी.
वाचून दाखवलं. बाबा हसला नाही.
"म्हंजी आपल्यातलाच," एवढं बोलून
फाटलेला पाग मांडीवर घेऊन बसला.

आठ दिवस होता.
खालच्या जबड्याची दोन हाडं
कामटीसारखी बाहेर वाकतात, आणि चोचीचं
क्षणात घमेलं होतं.
आईच्या निळ्या कळशीत मावतं तेवढं पाणी
सहज मावतं त्यात, पोटात मावणार नाही एवढं.
पण ते घेऊन उडता येत नाही.
मग तो चोच छातीशी टेकवतो, थांबतो,
पाणी गळू देतो. मिनिटभर. कधी जास्तच.
नेमका तेव्हाच एखादा कुरव येऊन
त्याच्या डोक्यावर बसतो
आणि पिशवीतली बोय ओढून नेतो.
तरी हा घाई करत नाही.

"आदी पानी सोराचा," बाबा म्हणाला, "मंग गिलाचा."
मला मधुकाका आठवला,
साडेबारा टक्क्यांचा भूखंड पाण्यासकट गिळायला गेलेला.
आता करावेच्या सिग्नलजवळ
दुसऱ्याच्या टॉवरच्या गेटवर वॉचमन आहे.

रात्री मी आणखी वाचलं.
कातडीखाली हवेच्या पिशव्या असतात त्याच्या,
हाडंही पोकळ.
बुडी मारायची म्हटली तरी पाणीच वर ढकलतं.
आयुष्यभर पाण्यावर, आणि तळ कधी बघायचा नाही.
अंडी पायांनी उबवतात,
चारही बोटं एकाच पडद्यात शिवलेली.
फुटायच्या आधी पिल्लू आतून ओरडतं,
गार झालं तरी, तापलं तरी,
आणि आई पाय हलवते.
मग दोन-तीन पिल्लं. आधी फुटलेलं मोठं.
ते धाकट्याला टोचत राहतं,
घास त्याच्यापर्यंत पोचू देत नाही.
आई तिथेच असते. मध्ये पडत नाही.

हे मी बाबाला वाचून दाखवलं नाही.
आम्ही जुळ्या होतो. दुसरी बाराव्या दिवसापर्यंतही
पोचली नाही, म्हणून तिला नाव नाही.
ही धष्टपुष्ट आहे, असं सुईण माझ्याकडे बघून म्हणाली होती.
आईनेच सांगितलं, एकदा, जवळा पाखडताना,
आणि पाखडत राहिली.

पिल्लं एवढा गलका करतात,
मोठी झाल्यावर जवळजवळ मुकी.
नवव्या दिवशी ऊन चढल्यावर तो निघाला.
आधी पाण्यावर धावला, बेढब, धपधप,
वरातीत चप्पल तुटलेल्या माणसासारखा.
मग पाम बीचच्या तापलेल्या काचांवरून
हवा वर चढत होती, तिच्यात शिरला
आणि पंख न हलवता गोल गोल
विसाव्या मजल्यावर, तिसाव्या मजल्यावर,
मग मजलेच संपले.
बाबाने वर पाहिलं नाही. पाग फेकला.
तीन शिंगाळ्या, एक चिंबोरी, पिशव्या, कुणाची तरी राखी.
जाळं हातात उंच धरून उभा राहिला.
पाणी गळून गेलं तरी उभाच.

खांबावर पांढरे ओघळ उरलेत.
धुऊन टाक म्हणते आई, वास येतो.
टाकते, म्हणते मी.
बादली रोज जेटीपर्यंत नेते.